पांढरं झाड, काळं आकाश

कृष्णधवल फोटोत झाड गडद करडं दिसतं, आकाश त्याहून फिकट दिसतं आणि आपण ते निमूट मान्य करतो. पण हा करडा आला कुठून? हिरव्याचा करडा किती गडद असावा आणि निळ्याचा किती फिका, हे निसर्गाने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आधी ते काचेच्या प्लेटवरच्या रसायनाने ठरवलं, मग फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांनी आणि आता संगणकातल्या सॉफ्टवेअरने. रंग काढून टाकले की उरतं ते कृष्णधवल, अशी आपली समजूत असते. खरं तर प्रत्येक कृष्णधवल फोटोत कुणीतरी निवड केलेली असते: येणाऱ्या प्रकाशापैकी कोणत्या भागाचा करडा करायचा आणि कोणता भाग सोडून द्यायचा.

इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त छायाचित्रण ही या निवडीची टोकाची पायरी. इथे डोळ्यांना दिसणारा जवळजवळ सगळा प्रकाश सोडून दिला जातो आणि न दिसणाऱ्या प्रकाशाचा करडा केला जातो. म्हणून ओळखीच्या डोंगरातलं झाड बर्फ पडल्यासारखं पांढरं होतं, भर दुपारचं आकाश काळवंडतं आणि तळ्याचं पाणी शाईसारखं होतं.

करडा ठरवणारे

एकोणिसाव्या शतकातले निसर्गाचे फोटो पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. आकाश कोरं असतं. ढग नाहीत, छटा नाही, नुसता पांढरा कागद. त्या काळच्या प्लेटमधली चांदीची संयुगं फक्त अतिनील, जांभळ्या आणि निळ्या प्रकाशाला जुमानत. हिरव्याची ती फारशी दखल घेत नसत आणि लाल तर त्यांच्या लेखी अंधारच. जमिनीचा तपशील उमटेपर्यंत प्लेट उघडी ठेवली, की निळ्या आकाशाचा भाग केव्हाच जळून पांढरा झालेला असे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राच्या काही फोटोंसाठी यावर तोडगा काढला. आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि छापताना दोन्ही एका कागदावर जुळवायच्या.

प्लेटची नजर वाढली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान व्हिल्हेल्म फोगेल यांच्यामुळे. प्लेटच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की ती हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देते, हे त्यांच्या १८७३ मध्ये लक्षात आलं. मग वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून ही सीमा पिवळ्याकडे, नारिंगीकडे आणि लालकडे सरकत गेली. १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सगळ्या दृश्य रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आणल्या. त्यानंतर लेन्सवर लाल फिल्टर चढवून निळा प्रकाश अडवता येऊ लागला. त्या फोटोंत आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात.

कृष्णधवल छायाचित्रणाचा हा सगळा प्रवास निळ्याकडून लालकडे सरकण्याचा आहे. अवरक्त छायाचित्रण हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

लालच्या पलीकडे

लालच्या पुढे काहीतरी आहे हे कळलं १८०० मध्ये. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्याच्या वर्णपटातल्या वेगवेगळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहत होते. जांभळ्यापेक्षा हिरव्यात तापमान जास्त वाढत होतं, हिरव्यापेक्षा लालमध्ये. पण लाल पट्टा संपल्यावर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर आणखी वर गेला.

या प्रकाशात निसर्गदृश्याचे फोटो काढून ते लोकांपुढे मांडले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी, १९१० मध्ये. लालची अगदी शेवटची कड आणि त्यापलीकडचा प्रकाश तेवढा आत सोडणारा फिल्टर त्यांनी बनवला आणि भर उन्हात कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून फोटो घेतले. त्यातले काही इटलीतल्या सिसिलीत काढलेले होते. पांढरी झाडं आणि काळं आकाश असलेले ते फोटो लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. पानं अशी पांढरी दिसण्याला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अवरक्त म्हटलं की अनेकांना उष्णता दाखवणारे, माणूस लाल-पिवळा दिसणारे कॅमेरे आठवतात. तो प्रकार वेगळा. आपल्या शरीरातून निघणारे अवरक्त किरण साधारण ९,००० ते १०,००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतात. ते पकडायला वेगळा सेन्सर लागतो आणि काचेच्या लेन्समधून ते जातही नाहीत. छायाचित्रकार वापरतो तो पट्टा दृश्य प्रकाशाला अगदी लागून आहे, सुमारे ७०० ते १,००० नॅनोमीटरचा. तो झाडातून किंवा दगडातून निघत नाही. सूर्याकडून येतो, वस्तूवर आदळतो आणि परततो, अगदी साध्या प्रकाशासारखा. म्हणून अवरक्त फोटोत कोण गरम आणि कोण थंड हे दिसत नाही. कोण किती प्रकाश परत पाठवतं, एवढंच दिसतं.

पान पांढरं का होतं

पानातल्या हरितद्रव्याला निळा आणि लाल प्रकाश हवा असतो. त्यावर त्याचं अन्न शिजतं. हिरवा प्रकाश त्यातल्या त्यात कमी शोषला जातो, म्हणून पान हिरवं दिसतं. पण हा हिरवेपणाही तसा कंजूषच. निरोगी पान लाल प्रकाशातला सुमारे ५ टक्के आणि हिरव्यातला साधारण १० ते १५ टक्के भागच परत पाठवतं. कृष्णधवल फोटोत झाडं गडद येतात त्याचं हे कारण.

तरंगलांबी ७०० नॅनोमीटरच्या पुढे गेली की चित्र पालटतं. या प्रकाशाच्या कणांमधली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणासाठी अपुरी असते आणि हरितद्रव्य त्याला हातही लावत नाही. तो पानाच्या आत शिरतो. तिथे, खालच्या बाजूला, पेशी सैलसर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. ओलसर पेशीभित्ती आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश दर वेळी थोडा वळतो, थोडा परततो, आणि अशा असंख्य सीमांवर ठेचकाळत चहूकडे विखुरतो. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण कुटून भुकटी केली की पांढरी होते. साखर तीच, फक्त प्रकाश परतवणारे पृष्ठभाग अगणित झाले. अवरक्त प्रकाशाच्या लेखी पान म्हणजे अशी भुकटी. त्यातला ४० ते ५० टक्के भाग वर परततो आणि उरलेल्यातला बराचसा पानातून खाली उतरतो. हरितद्रव्य स्वतःच अवरक्त प्रकाशाने चमकतं म्हणून पान पांढरं दिसतं, असं कधीकधी सांगितलं जातं. असं चमकणं असतं खरं, पण ते इतकं क्षीण की फोटोतल्या शुभ्रतेत त्याचा वाटा नगण्य.

खाली उतरणारा हा प्रकाशही फोटोत दिसतो. कड्याच्या सावलीत अवरक्त कॅमेऱ्याला जवळजवळ काळोख दिसतो, कारण एरवी सावलीला उजळवणारं निळं आकाश इथे काळं असतं. पण वडाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत जमीन चांगली उजळ येते. वरची पानं प्रकाश गाळून खाली सोडत असतात. एकाच फोटोत दोन सावल्या दोन तऱ्हेच्या दिसल्या, तर एक दगडाची आणि दुसरी झाडाची आहे हे न सांगता कळतं.

आकाश, पाणी आणि कातळ

हवेच्या रेणूंकडून होणारं प्रकाशाचं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतं. सोप्या शब्दांत, तरंगलांबी दुप्पट झाली की विकिरण सोळा पटींनी कमी होतं. ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश जेवढा विखुरतो त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच ८०० नॅनोमीटरचा अवरक्त विखुरतो. आकाशातून कॅमेऱ्याकडे येण्यासारखं मग फारसं काही राहत नाही. ढगांचं तसं नाही. त्यांतले पाण्याचे थेंब तरंगलांबीच्या तुलनेत इतके मोठे असतात, की ते सगळाच प्रकाश सारखा विखुरतात. काळ्या आकाशावर शुभ्र ढग ही अवरक्त फोटोची ओळख याच दोन नियमांतून येते.

उन्हाळ्यात गडावरून दिसणाऱ्या लांबच्या रांगा धूसर होतात, तो धूसरपणा अवरक्त फोटोत बराच विरतो, कारण तिथे विखुरणारे कण बारीक असतात. १९३०च्या दशकात अमेरिकी लष्करातले हवाई छायाचित्रकार अल्बर्ट स्टीव्हन्स यांनी अवरक्त प्रकाशाला संवेदनशील फिल्म वापरून विमानातून शेकडो किलोमीटर दूरचे पर्वत टिपले. मात्र पावसाळी धुक्यापुढे या युक्तीचं काही चालत नाही. धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच.

पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेतं. मीटरभर खोल, नितळ पाण्यात शिरलेला हा प्रकाश परत येता येता बहुतेक संपतो, आणि पृष्ठभागावर पडलेलं आकाशाचं प्रतिबिंबही काळंच असतं. म्हणून तळं काळं. पण पावसाळ्यात गढूळ वाहणारी नदी करडी दिसते, कारण पाण्यातली माती प्रकाश परतवते.

सह्याद्रीच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा फरक दगड आणि झाडोऱ्याचा. काळा बेसाल्ट अवरक्त प्रकाशातही काळाच राहतो. पठारांवरचा तांबूस जांभा त्याहून उजळ येतो. साध्या कृष्णधवल फोटोत पावसाळ्यानंतरचा डोंगर ही मोठी अडचण असते. हिरवं गवत आणि ओला कातळ यांचा करडा जवळपास सारखा होतो आणि कड्याची रचनाच हरवते. अवरक्त फोटोत गवताची प्रत्येक पट्टी पांढरी आणि कातळाची प्रत्येक पायरी काळी होते. लाव्हाचे थर एकावर एक कसे बसले, हे वहीत आखल्यासारखं समोर येतं. मे महिन्यात हे घडत नाही. वाळलेलं गवत साध्या प्रकाशातही फिकटच असतं, त्यामुळे अवरक्तातली त्याची उजळी नवल वाटत नाही. पाऊस ओसरल्यावरचे दिवस, धुतलेली हवा, तुरळक कापशी ढग आणि अजून हिरवं असलेलं गवत, हा यासाठीचा खरा हंगाम.

रंगापेक्षा पदार्थ

वस्तूचा डोळ्यांना दिसणारा रंग आणि तिचं अवरक्तातलं वागणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात हे फार उपयोगी पडलं. हिरव्या रंगाने रंगवलेली जाळी तोफेवर टाकली तर वरून उडणाऱ्या वैमानिकाला ती झाडीच वाटे. पण रंगात हरितद्रव्य नव्हतं आणि पेशींमधल्या पोकळ्याही नव्हत्या. अवरक्त फिल्मवर खरी झाडी उजळ येई आणि जाळी गडद. कोडॅकने यासाठी खास रंगीत फिल्म बनवली, तिच्यात जिवंत झाडं गडद गुलाबी-लाल येत. याच घराण्यातली एरोक्रोम ही फिल्म वापरून आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोमधल्या संघर्षाचे फोटो काढले आणि २०१३च्या व्हेनिस बिएनालेत ते काम जगापुढे आलं.

भारतात या फिल्मने वेगळंच काम केलं. प्रा. पी. आर. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पुढे १९७०च्या सुमारास त्यांनी केरळमधल्या माडांच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अवरक्त फिल्मवर फोटो घेतले. मुळांच्या रोगाने ग्रासलेले माड निरोगी माडांपासून वेगळे ओळखता येतात का, हे पाहायचं होतं. पानाची आतली रचना बिघडली की त्याचं अवरक्त परावर्तनही बदलतं. भारताच्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्ताचा स्वतंत्र पट्टा होता. पिकांची स्थिती उपग्रहावरून मोजतात ती लाल आणि अवरक्त या दोन पट्ट्यांतल्या फरकावरच.

कलावंतांनी या पट्ट्याचा मोह धरला तो वेगळ्या कारणाने. अमेरिकेत मायनर व्हाइट यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातली शेतं आणि कोठारं अवरक्त फिल्मवर टिपली. १९६४च्या ‘सोय कुबा’ या चित्रपटात छायाचित्रणकार सेर्गेई उरुसेव्हस्की यांनी काही दृश्यांसाठी अवरक्त फिल्म वापरली आणि क्युबातली ताडाची झाडं पिसांसारखी पांढरी केली. इंग्लंडच्या सायमन मार्सडेन यांनी पडके किल्ले आणि हवेल्या अशाच फिल्मवर टिपण्यात आयुष्य घालवलं. बहुतेकांची आवडती फिल्म होती कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड. साध्या फिल्ममागे प्रकाशाचं परावर्तन रोखणारा थर असतो, तो हिच्यात नव्हता. उजळ भागातला प्रकाश मागे आदळून पुन्हा लेपात पसरे आणि पानांभोवती मऊ झळाळी येई. ही झळाळी अवरक्त प्रकाशाची नव्हे, त्या एका फिल्मच्या घडणीची होती. २००७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज अशी झळाळी सॉफ्टवेअरने आणतात ती तिच्या आठवणीपोटी.

कॅमेऱ्याच्या पोटातली आडकाठी

डिजिटल सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. म्हणजे तुमच्याकडचा कॅमेरा मुळातच अवरक्त पाहू शकतो. त्याला रोखलेलं असतं. सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी एक पातळ काच बसवलेली असते, कारण तिच्यावाचून रंग बिघडतात. लायकाच्या २००६च्या एम८ कॅमेऱ्यात ही काच फारच पातळ ठेवली होती. काळे कृत्रिम धाग्यांचे कपडे जांभळट येऊ लागले, कारण डोळ्यांना काळं दिसणारं ते कापड अवरक्त भरपूर परतवत होतं. शेवटी कंपनीला ग्राहकांना अवरक्त अडवणारे फिल्टर द्यावे लागले.

आपल्या कॅमेऱ्यातली आडकाठी किती पक्की आहे ते पाहायला टीव्हीचा रिमोट पुरतो. त्याच्या टोकाचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास लुकलुकतो. कॅमेऱ्यातून पाहत बटण दाबा. दिवा ठळक दिसला तर काच सैल आहे, अजिबात दिसला नाही तर कडक.

यापुढे दोन वाटा. पहिली स्वस्त: लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावायचा. होयाचा आर७२ हा त्यातला सर्वांत प्रचलित. हा फिल्टर डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो. बाहेरचा फिल्टर दृश्य प्रकाश अडवतो आणि आतली काच अवरक्त अडवते, त्यामुळे सेन्सरपर्यंत पोचतो तो प्रकाशाचा उरलासुरला अंश. भर उन्हातही काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत एक्स्पोजर लागतं. ट्रायपॉड अटळ, फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्याआधी ठरवायचा, आणि वाऱ्याने हलणारी पानं पुसट येणार हे गृहीत धरायचं. कधी हीच पुसटता गवताळ पठाराला शोभून दिसते.

दुसरी वाट म्हणजे कॅमेऱ्यातली काचच बदलून घेणं. तिच्या जागी ७२० किंवा ८३० नॅनोमीटरची काच बसवली, की कॅमेरा कायमचा अवरक्त होतो आणि नेहमीच्या शटर वेगाने हातात धरून फोटो काढता येतात. साधी पारदर्शक काच बसवली तर कॅमेरा सगळाच प्रकाश घेतो आणि हवा तो फिल्टर लेन्सवर लावता येतो. वापरातून गेलेला जुना कॅमेरा या कामाला चांगला. मात्र घरी उघडण्याचा मोह टाळावा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही जोरदार झटका देण्याइतका विद्युतभार राहू शकतो.

लेन्सच्याही काही खोड्या असतात. काच अवरक्त प्रकाशाला थोडं कमी वळवते, त्यामुळे फोकस मागे सरकतो. जुन्या लेन्सवर यासाठी लाल खूण असे. आरशाविना चालणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यांत फोकस थेट सेन्सरवर होत असल्याने ही अडचण उरत नाही. दुसरी खोड जास्त त्रासाची. काही लेन्समध्ये चित्राच्या मध्यभागी उजळ डाग पडतो. लेन्सवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी बनवलेले असतात, अवरक्त प्रकाश आतल्या आत परावर्तित होत राहतो आणि लेन्सचं छिद्र म्हणजे अॅपर्चर लहान केलं की डाग अधिक उठतो. महागडी लेन्सही याला अपवाद नाही, तेव्हा प्रत्येक लेन्स तपासूनच घ्यावी. छिद्र लहान करण्याला आणखी एक मर्यादा आहे. तरंगलांबी जास्त म्हणजे विवर्तनाने येणारा मऊपणाही जास्त. एफ/८ किंवा एफ/११ च्या पुढे सहसा जाऊ नये.

वेळेचा नियम मात्र उलटा. निसर्गाचे फोटो काढणारे पहाट आणि संध्याकाळ गाठतात, दुपारी कॅमेरा पिशवीत घालतात. अवरक्तासाठी दुपारच बरी, कारण तेव्हा पानांवर थेट ऊन असतं. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवावा. तो फ्रेममध्ये आला की वर सांगितलेलं आतलं परावर्तन सगळा फोटो पांढुरका करून टाकतं.

करड्याची मांडणी

कॅमेऱ्यातून निघालेली फाइल पाहून पहिल्यांदा निराशाच पदरी येते. सगळं लालभडक किंवा जांभळट, आणि करड्या छटांमध्ये जोर नाही. फोटो रॉ स्वरूपातच घ्यावा, याचं कारण इथे आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सपाट चित्र ताणून मोठं अंतर पाडायला गेलं की गडद आकाशात पट्टे उमटतात. १२ किंवा १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये हजारो पायऱ्या असतात, तिथे हा ताण सोसतो.

पहिलं काम श्वेतसंतुलनाचं. उन्हातलं गवत किंवा झाडी ‘पांढरी’ मानून ते जुळवायचं. ‘फोटो कृष्णधवलच करायचा, मग याची काय गरज?’ असा प्रश्न पडेल. उत्तर सेन्सरच्या रचनेत आहे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा गाळक असतो. लाल गाळक ७२० नॅनोमीटरपासून पुढचा सगळा प्रकाश आत सोडतो. निळा आणि हिरवा गाळक साधारण ८०० च्या पुढे मोकळे होऊ लागतात. म्हणजे ७२० च्या फिल्टरने घेतलेल्या फोटोत तीन वाहिन्यांना तीन किंचित वेगळे अवरक्त पट्टे दिसत असतात. आकाश त्यातल्या कमी तरंगलांबीला जास्त विखुरतं, म्हणून ते लाल वाहिनीत तुलनेने उजळ असतं आणि निळीत गडद. झाडी सगळीकडे उजळच.

श्वेतसंतुलन जुळवल्यावर हा फरक रंगाच्या रूपाने दिसू लागतो. झाडी रंगहीन होते आणि आकाशाला तांबूस-तपकिरी झाक येते. आता कृष्णधवल करताना लाल-नारिंगीचा सरकपट्टा खाली ओढला, की झाडीला धक्का न लागता आकाश खाली उतरतं. सरळ रंग काढून टाकला असता तर ही मुभा गेली असती. मात्र निळी वाहिनी उपाशी असते, तिच्यात खरखर जास्त. फार ओढलं की आकाश वाळू टाकल्यासारखं दिसतं. ८३० किंवा ८५० च्या फिल्टरमध्ये तिन्ही वाहिन्या जवळजवळ सारख्या होतात. तिथे रंगांचे सरकपट्टे कुचकामी, पण सगळे बिंदू एकच प्रकाश मोजत असल्याने तपशील स्वच्छ येतो आणि आकाश आधीच गडद असतं. ज्याला फक्त कृष्णधवलच करायचं आहे त्याने हा फिल्टर घ्यायला हरकत नाही. आकाशाची सूक्ष्म मशागत करायची असेल तर ७२० बरा.

यानंतरची कामं अंधारखोलीतल्या जुन्या कामांसारखीच. सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा बिंदू ठरवायचा, मधल्या छटांना वळण द्यायचं, काही भाग उजळायचे, काही दाबायचे. अवरक्त फोटोत दोन ठिकाणी हात जड होतो. पहिलं झाडीत: पानं शुद्ध पांढऱ्यावर नेली की पानं राहत नाहीत, कापूस होतो. फांदीवरचे घोस, पानांचे थर आणि त्यातली करडी फट दिसत राहील इतपतच उजळी ठेवावी. दुसरं आकाशात: पूर्ण काळं आकाश पोकळी वाटतं. क्षितिजापाशी हवेचा थर जाड असल्याने तिथे आकाश नैसर्गिकपणे थोडं उजळ असतं. तो उतार जपला, तर चित्रात हवा राहते.

सॉफ्टवेअरला न जमणारं

साध्या रंगीत फोटोवरून असाच परिणाम देणारे तयार साचे मिळतात. ते हिरवा-पिवळा वर ढकलतात आणि निळा खाली ओढतात. दोन फोटो शेजारी ठेवले की फसवणूक उघड होते. साचा झाडाबरोबर हिरवी रंगवलेली कौलारू घराची भिंतही पांढरी करतो, कारण त्याच्यासाठी दोन्ही हिरव्याच. काळं कापड त्याच्याकडे काळंच राहतं. धूसर झालेली लांबची रांग तो परत आणू शकत नाही, कारण तिचा तपशील फाइलमध्ये आलेलाच नसतो. रंगीत फोटोचा करडा करण्याचं एक जुनं सूत्र लाल ३०, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के असं वजन देतं. सरकपट्टे ही वजनं बदलतात, पण तीनच आकड्यांमध्ये. चौथा आकडा मोजायचा असेल तर तो शटर दाबतानाच मोजावा लागतो.

याचा परिणाम छायाचित्रकाराच्या सवयीवर होतो. रंगीत फोटो काढणारा कृष्णधवलचा निर्णय घरी जाऊन घेऊ शकतो. अवरक्त कॅमेरा हातात असणाऱ्याला तो डोंगरातच घ्यावा लागतो आणि तोही डोळ्यांना दिसत नसलेल्या गोष्टीबद्दल. त्याला समोरचं दृश्य रंगांत न पाहता पदार्थांत पाहायला शिकावं लागतं: हे जिवंत, हे वाळलेलं, हा बेसाल्ट, हे नितळ पाणी, हा गढूळ ओहोळ, ही पानांतून गळणारी सावली. ही सवय लागली की कोणत्या फोटोत अवरक्ताची गरज आहे हेही कळू लागतं. पांढरं झाड पहिल्यांदा पाहताना अचंबा वाटतो, दहाव्यांदा वाटत नाही. ज्या फोटोत दाखवण्यासारखं तेवढंच असतं तो लवकर संपतो. ज्यात त्या शुभ्रतेमुळे कड्याचा थर, तटबंदीची रेघ किंवा ओढ्याची वाट साध्या प्रकाशापेक्षा स्पष्ट झाली, तो टिकतो. तेव्हा फिल्टर चढवण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं: या फ्रेममधलं सगळं जिवंत पांढरं झालं, तर उरलेल्याबद्दल काही नवं कळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर साधा कॅमेराच बरा.